वाचकाच्या भुवया

ती. स्व. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघा धरला आहे, त्यामुळे तूर्त तो खुर्चीत बसल्या बसल्या घातला आहे असं समजून घे.) तुझी कंबर, भावोजींचा खोकला आणि टीव्हीच्या आवाजावरून तुम्हा दोघांचा चाललेला जुना वाद, या तिन्हींना आता उतार असेल अशी आशा करतो. आमच्याकडे सगळं ठीक. म्हणजे तुझी भावजय माझ्याशी बोलत नाही, तुझी भाची बोलते पण माझ्याकडे बघून हसल्याशिवाय नाही, आणि माझी डावी भुवई अर्धी उरली आहे. बाकी सगळं ठीक. हे मी फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तू मला दुसऱ्या वाक्यापलीकडे जाऊ देत नाहीस आणि ही हकिकत दोन वाक्यांत मावणारी नाही. तेव्हा चष्मा लाव, भावोजींना आवाज कमी करायला सांग आणि सावकाश वाच.

यंदा आमच्या इंग्रजी शाळेत नवी पद्धत सुरू झाली. ज्या मुलांना वाचणं-लिहिणं जड जातं (परिपत्रकात याला ‘अध्ययन अक्षमता’ म्हणतात, ते लिहिणाऱ्याला तरी हा शब्द एका दमात वाचता येतो का, देव जाणे) आणि जी मुलं परक्या मुलखातून नुकतीच आल्यामुळे ज्यांना इंग्रजी येत नाही, अशा दोन्ही प्रकारच्या मुलांना आजवर जिन्याखालच्या खोलीत वेगळं बसवायचे. आता ती सगळ्यांबरोबर वर्गात बसणार, आणि त्यांच्यासाठी वर्गात आणखी एक शिक्षक येणार. म्हणजे एका फळ्यापाशी दोन माणसं. एका ओट्यापाशी सासूबाईंबरोबर तुझी उमर गेली, तेव्हा तुला जास्त सांगायला नको. माझ्या वाट्याला आल्या त्या मदतीच्या बाई. (मुलं त्यांना असंच म्हणतात, आता आम्हीही म्हणतो.) वयाने माझ्या निम्म्या, आवाज हळू, वागणं गोड, आणि पिशवीत कात्री.

त्या कात्रीने पहिल्याच आठवड्यात माझा बळी घेतला. तुला माझं टाकीचं गणित ठाऊक आहे. एका सधन गृहस्थाच्या बंगल्याच्या गच्चीवर एक प्रशस्त टाकी असते, तिला दोन नळ असतात, त्यातला एक कंजूष स्वभावाचा असतो, गृहस्थ सहकुटुंब परगावी जातात, मागे टाकी गळायला लागते, वगैरे वगैरे. हे गणित मी किती वर्षं घासूनपुसून ठेवलेलं आहे. बाईंनी ते शांतपणे वाचलं आणि विचारलं, सर, यातलं गणित कुठे सुरू होतं? मग त्यांनी कात्री काढली. टाकी उरली, नळ उरले, गळती उरली. माझे सधन गृहस्थ सहकुटुंब कचऱ्याच्या टोपलीत गेले. वर त्यांनी टाकीचं एक चित्र काढलं, एका पानावर एकच गणित ठेवलं आणि एक रंगीत पट्टी दिली. ही पट्टी ओळीवर धरली की बाकीच्या ओळी झाकल्या जातात आणि वाचणाऱ्याला एकच ओळ दिसते. बाईंचं म्हणणं असं की काही मुलांसमोर अक्षरं जागेवर बसत नाहीत, वाक्याच्या शेवटापर्यंत पोचेतो सुरुवात निसटून जाते. आणि काही मुलांना प्रत्येक शब्दाशी नव्याने ओळख करून घ्यावी लागते. दोघांचाही दम गणित सुरू होण्याआधीच संपतो. मी म्हटलं, ठीक आहे, करून बघू. (माझं ‘करून बघू’ म्हणजे काय असतं ते तुला माहीत आहे.) तर झालं असं की कापलेली गणितं सगळ्याच वर्गाला आवडली, मागच्या बाकावरची टारगट मुलंसुद्धा पट्टी मागायला लागली आणि चाचणीत बहुतेक सगळ्यांचे गुण वाढले. मला फार वाईट वाटलं.

याच वर्गात पाहुणी आहे. वर्षाच्या मध्यावर आली म्हणून तिचं हे नाव पडलं. वडील सामान पोचवायची गाडी चालवतात, आई दवाखान्यात साफसफाई करते, दोघांनाही इंग्रजी बेताचंच. मुलगी उंच, काटकुळी, आणि डोळे असे की आपल्या शर्टाचं बटण तुटलेलं असलं तर आपल्याआधी तिला कळावं. आल्यापासून कोणाशी बोलायची नाही. पण ताई, माझ्या तासाला ती बोलायची! मी प्रश्न विचारला की ती हळूच सुरू करायची: बेरीज... नाही, वजाबाकी... गुणाकार? आणि दर वेळी बरोबर ठिकाणी येऊन थांबायची. इतर शिक्षक म्हणत, ही पोर म्हणजे बंद कुलूप आहे. मी मनातल्या मनात मिशीला पीळ देत असे, कारण त्या कुलपाची किल्ली एकट्या माझ्याकडे होती. माझं सावकाश, जाडंभरडं इंग्रजी तिला कळतं आणि इतरांचं फर्डं इंग्रजी कळत नाही, हे मी शिक्षकांच्या खोलीत निदान रोज एकदा तरी सांगत होतो. मात्र घोडं एका जागी पेंड खात होतं. पेपर हातात दिला की पाहुणी कोरा परत द्यायची. तोंडी सगळं येतं, लेखी शून्य. मी म्हणायचो, इंग्रजी नवीन आहे, होईल हळूहळू. बाई म्हणायच्या, मला वाटतं फक्त इंग्रजीचा प्रश्न नाही. त्यांनी तिच्या वडिलांना बोलावून तिच्या स्वतःच्या भाषेतलं पुस्तक आणायला लावलं. त्यातही ती बोट ठेवून दोन शब्द वाचून थांबली, आणि वडील मान खाली घालून म्हणाले की तिकडच्या शाळेतही असंच होतं, मास्तर तिला आळशी म्हणायचे.

आता माझी फजिती ऐक. एक दिवस बाई मागच्या बाकावर बसून वर्ग बघत होत्या. तास संपल्यावर त्यांनी मला फार अदबीने सांगितलं की सर, उद्या पाहुणीला प्रश्न विचारताना तुम्ही तिच्या मागे उभे राहा. मी राहिलो. पाहुणी गप्प. मग मान वळवून वळवून मला शोधायला लागली. त्याच्या दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, आज समोर उभे राहा, पण तिने बरोबर उत्तर दिलं की कपाळाला आठ्या घाला. मी घातल्या. पाहुणीने बरोबर उत्तर दिलं होतं, माझ्याकडे पाहिलं, आणि झटक्यात ते बदलून चुकीचं दिलं. ताई, माझ्या पायांखालची जमीन सरकली. ही मुलगी इतके दिवस गणित वाचत नव्हती, माझ्या भुवया वाचत होती! जिला अक्षरं वाचता येत नाहीत ती माणसं वाचायला शिकते, बाई म्हणाल्या, आणि तुमचा चेहरा तर मोठ्या टाइपात छापलेला आहे. (याला मी कौतुक समजावं की काय, हे अजून ठरवलेलं नाही.) त्या दिवशी मी जेवलो नाही. इतर सगळं जाऊ दे, पण जी मुलगी माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी म्हणून मी गावभर मिरवत होतो, तिला गणित येतं की फक्त मी येतो, हेच मला कळेना.

हे मोठ्या बाईंच्या, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांच्या, कानावर गेलं. त्या मनाने वाईट नाहीत, पण त्यांना प्रत्येक गोष्ट कपाटात नीट लावलेली आवडते. त्यांनी निकाल दिला की मुलीला काहीच येत नाही, तेव्हा तिला दोन इयत्ता खाली बसवावं, म्हणजे बाळबोधापासून इंग्रजी तरी शिकेल. दोन इयत्ता खाली! मी तो वर्ग जाऊन पाहिला. तिथल्या बाकात तिचे गुडघे मावणार नाहीत. चिमुरड्यांच्या रांगेत ती एकटी उभी राहील, सगळी तिच्याकडे बघतील, आणि ती आता आपल्या वर्गात जे चार शब्द बोलते तेही गिळून बसेल. मदतीच्या बाई या एका बाबतीत मात्र गोड राहिल्या नाहीत. त्या मोठ्या बाईंना म्हणाल्या, तिला पेपर कोणीतरी वाचून दाखवा, मग बघा. तिने उत्तरं दिली तर अडचण वाचनाची आहे, डोक्याची नाही. नाही दिली तर मी स्वतः तिला खालच्या वर्गात नेऊन सोडते. बऱ्याच घासाघिशीनंतर मोठ्या बाई कबूल झाल्या. एक पेपर, तो वाचून दाखवायला एक वाचक, आणि लक्ष ठेवायला दुसऱ्या शाळेतून एक निरीक्षक. वाचकाने शब्दाने, सुराने किंवा चेहऱ्याने काही सुचवलं असा निरीक्षकांना संशय आला तर पेपर रद्द आणि मुलगी खाली.

आता वाचक कोण? तिला ज्याचं इंग्रजी कळतं तो. असा माणूस आख्ख्या शाळेत एकच, हे मीच रोज सांगत होतो ना! मी म्हटलं, तोंडाला मास्क लावतो. तर नाही, नवी भाषा ऐकणाऱ्याला ओठ दिसावे लागतात. म्हटलं, काळा चष्मा लावतो. तर बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, सर, भुवया चष्म्याच्या वर असतात. म्हणजे चेहरा उघडा ठेवायचा आणि तो मख्ख ठेवायचा. मला, ताई! ज्याच्या चेहऱ्यावरून आईला न विचारता कळायचं की बरणी कोणी फोडली!

मी सराव घरी सुरू केला. कोणी काहीही म्हणो, आपण ताकास तूर लागू द्यायचा नाही असं ठरवलं. नेमकी त्याच संध्याकाळी तुझी भावजय केस कापून आली. समोर उभी राहून तिने विचारलं, कसे दिसतात? मी मख्ख. तिने पुन्हा विचारलं. मी अधिकच मख्ख. (मनात मला ते आवडले होते, हे मी तुला शपथेवर सांगतो.) ती आत गेली आणि तेव्हापासून घरातला सगळा व्यवहार कन्येमार्फत चालतो. कन्येला हे सगळं भलतंच आवडलं. तिने माझी शिकवणी घेतली. समोर बसून ती वाटेल ते बोलायची, म्हणजे मी शिक्षण सोडते, मी डोक्याचा गोटा करते, तुमचं पेन मीच हरवलं, आणि माझा चेहरा हलला की टेबलावर चमचा वाजवायची. आमच्या घरात त्या आठवड्यात इतका चमचा वाजला की खालच्या मजल्यावरचे गृहस्थ विचारायला आले. डॉक्टरांकडे गुडघा दाखवायला गेलो तिथेही मी सराव सोडला नाही. त्यांनी गुडघा वाकवून विचारलं, इथे दुखतं का? आतून प्राण कंठाशी आले होते, पण मी मख्ख. त्यांनी लिहिलं, सुधारणा समाधानकारक, आणि गोळ्या बंद केल्या. म्हणून तर गुडघा धरला आहे.

तरीही कन्येचं मत पडलं की बाबा, बाकी चेहरा जमतोय, पण भुवया तुमच्या ताब्यात नाहीत, त्या स्वतंत्र आहेत. म्हणून मी केस कापणाऱ्याकडे गेलो आणि भुवया जरा विरळ करायला सांगितल्या. तो म्हणाला, कशाला? मी त्याला पहिल्यापासून सगळं सांगायला लागलो. चूक माझीच झाली. पाहुणीचे वडील मान खाली घालतात तो भाग आला आणि त्या भल्या माणसाचे डोळे भरून आले, हात हलला आणि डावी भुवई अर्धी गेली. तो इतका वरमला की मलाच त्याची समजूत घालावी लागली. आरशात पाहिलं तर एका बाजूने मी नेहमीचा आणि दुसऱ्या बाजूने मला कायमचं आश्चर्य वाटलेलं. परीक्षा दुसऱ्या दिवशी! सकाळी कन्येने काजळाच्या पेन्सिलीने गेलेली अर्धी भुवई रेखून दिली आणि म्हणाली, घाम येऊ देऊ नका.

पेपर प्रयोगशाळेच्या शेजारच्या खोलीत होता. एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीला लावलेले जुने नकाशे. निरीक्षक बाई कोपऱ्यात पेन उघडून बसल्या. पाहुणी आली, माझ्यासमोर बसली आणि नेहमीसारखी माझ्या चेहऱ्याकडे बघून हसली. मी हसलो नाही. तिचं हसू हळूहळू विझलं. ताई, तेवढ्यासाठी मला कोणी बक्षीस दिलं तरी नको. मी पहिला प्रश्न वाचला, जाडाभरडा, सावकाश, एकेक शब्द सुटा. तिने पेन्सिल उचलली. पेन्सिल प्रश्नाखाली छापलेल्या चिन्हांतल्या बेरजेपाशी घोटाळली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. मी मनात शिक्षक सभेचं इतिवृत्त म्हणत होतो. पेन्सिल गुणाकाराकडे गेली, पुन्हा तिने पाहिलं. मी इतिवृत्ताच्या दुसऱ्या मुद्द्यावर होतो. खरं सांगतो, इतका मख्ख मी जन्मात कधी झालो नव्हतो, एखाद्या फोटोतला माणूससुद्धा माझ्यापुढे बोलका वाटला असता. तेव्हा तिने पेन्सिल खाली ठेवली.

ती उठली. मला वाटलं, चालली. पण तिने खुर्चीची पाठ धरली, कर्र कर्र आवाज करत खुर्ची फिरवली, आणि माझ्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसली. पॅड मांडीवर घेतलं आणि लिहायला लागली. निरीक्षक बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे मख्खपणे पाहिलं. लिहून झाल्यावर तिने खुर्ची पुन्हा माझ्याकडे फिरवली आणि दुसऱ्या प्रश्नाची खूण केली. मी तोंड उघडणार, तोच तिने ती रंगीत पट्टी खिशातून काढली आणि आपल्या डोळ्यांसमोर आडवी धरली. तिला माझे फक्त ओठ दिसावेत अशा बेताने. मी वाचलं, पट्टी खाली गेली, खुर्ची कर्र करत भिंतीकडे. पूर्ण पेपर असा झाला. प्रश्न, पट्टी, कर्र. टाकीचंही गणित होतं त्यात. ते तिने दोनदा वाचायला लावलं, मग फार वेळ तिच्या पाठीची हालचालच होईना. मला त्या पाठीवरून काही कळेना. इतके दिवस ती माझा चेहरा बघून काय काय जाणत होती, आणि आता मी तिच्या पाठीकडे बघून अंदाज बांधत बसलो होतो. शेवटी तिने पेपर निरीक्षक बाईंच्या हातात दिला आणि माझ्याकडे न बघता निघून गेली.

घरी आलो तो तोंड पाडूनच. (आता पाडायला हरकत नव्हती.) मला एकच दिसत होतं. या परक्या जागेत त्या पोरीला एकच चेहरा ओळखीचा होता, आणि नेमका मी तोच बंद करून तिच्यासमोर ठेवला. ती घाबरली. तिला माझ्याकडे बघवेना, म्हणून बिचारीने भिंतीकडे तोंड केलं, पट्टीने मला झाकलं. नियम मी पाळला, पण त्यात मुलगी गमावली असं मला वाटतं. ती खाली गेली तर मी त्या चिमुरड्यांच्या वर्गावरून रोज कसा जाणार? तू लहानपणी मला म्हणायचीस की तुझ्या पोटात काही राहत नाही. एकदाच राहिलं, आणि ते असं अंगलट आलं. निकाल परवा आहे. माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी देवाला हात जोड.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि कंबरेला शेक घेत जा.

तुझा,
धाकटा

ता. क. – हे पत्र पिशवीतच राहिलं, कारण पाकिटं तुझ्या भावजयीच्या कपाटात असतात आणि आमचं बोलणं बंद होतं. तोवर निकाल लागला. ताई, पाहुणी पास! नुसती पास नाही, चांगली पास. एका ठिकाणी हातचा विसरली, बाकी सगळं बरोबर, टाकीसुद्धा. मोठ्या बाईंनी पेपर दोनदा उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, म्हणजे हिला येतं की. मुलगी आपल्याच वर्गात राहणार. मी तिथेच, त्यांच्या टेबलापाशी, सगळ्या सरावावर पाणी सोडून मनसोक्त चेहरा केला.

ता. क. दुसरा – आता जे लिहितो ते भावोजींना वाचून दाखवू नकोस. निरीक्षक बाईंचा शेरा मदतीच्या बाईंनी मला दाखवला. शेरा असा: ‘वाचकाचा चेहरा संपूर्ण वेळ अत्यंत बोलका होता. पेन्सिल योग्य चिन्हापाशी जाताच, व पुढे प्रश्न वाचताना नेमक्या शब्दापाशी, भुवया वर जात होत्या, पैकी एक ओघळतही होती. तथापि विद्यार्थिनीने उत्तरे लिहिताना त्या चेहऱ्याकडे पाहण्याचे स्वतःहून टाळल्याने पेपर ग्राह्य धरावा.’ मी म्हटलं, अशक्य! मी इतिवृत्त म्हणत होतो! बाई म्हणाल्या, म्हणत असाल, पण भुवयांना ते कळलं नव्हतं. मग त्यांनी पाहुणीला बोलावून माझ्यासमोर विचारलं की तू खुर्ची का फिरवलीस, सरांची भीती वाटली का? पाहुणीने नाही म्हणून मान हलवली. थोडा वेळ शब्द जुळवले, आणि मग आपल्या तुटक इंग्रजीत म्हणाली, ‘सरांचा चेहरा उत्तर सांगतो. मला येत होतं. मला माझं पाहिजे होतं.’ ताई, मी वळून फळा पुसायला लागलो, तो कोराच होता. तिने हवं असतं तर माझ्या चेहऱ्यावरून सगळा पेपर उतरवून घेतला असता, आणि पेपर रद्द होऊन आज ती खाली बसली असती. तिला नियम कोणी समजावून सांगितला नव्हता. तिने तो आपला आपण पाळला. हे घरी सांगितलं तेव्हा भावजय ओघळत्या भुवईपाशी जी हसायला लागली ती पदर तोंडात धरूनही थांबेना, आणि आमचं बोलणं सुरू झालं. केस छान दिसतात, हेही मी सांगून टाकलं.

ता. क. तिसरा, आणि खरं म्हणजे पत्र यासाठीच होतं. मोठ्या बाईंची एक अट आहे. पाहुणी वर्गात राहील, पण पुढच्या सत्रापासून तिला सगळी पुस्तकं ऐकता आली पाहिजेत, नाही तर पुन्हा विचार होईल. शाळेकडे तशी सोय नाही. म्हणजे कोणीतरी पुस्तकं वाचून, आवाज भरून द्यायला हवीत. मी अर्थातच पुढे झालो. एक धडा भरूनही दिला. पाहुणीने तो ऐकला आणि कानावरचं काढून ठेवलं. बाईंनी फार हळुवारपणे सांगितलं की सर, तुमच्या आवाजालाही भुवया आहेत. आता ऐक. त्या दिवशी मधल्या सुट्टीत तुझा फोन आला होता, मी कंबरेचा पट्टा पाठवायला विसरलो म्हणून तू मला झापत होतीस, आणि माझा फोन चुकून मोठ्या आवाजावर होता. खोलीत त्या दोघी होत्या. पाहुणीला मराठीचा गंध नाही, पण ती जेवण थांबवून ऐकत राहिली. प्रत्येक शब्द सुटा, घाई नाही, चढ नाही, उतार नाही. इतकी वर्षं चौकशीच्या खिडकीत बसून दिवसभर दर माणसाला तेच ते, त्याच सुरात, न कंटाळता इंग्रजीत आणि मराठीत सांगितलंस, ते असं वाया गेलेलं नाही. फोन ठेवल्यावर पाहुणीने त्याच्याकडे बोट दाखवून बाईंना सांगितलं की हा आवाज पाहिजे. सोबत चेहरा आहे का, हेही विचारलं. मी म्हटलं, आहे, पण तो दूर असतो. ती खूश झाली. तर ताई, एवढं कर. मला रागावतेस त्याच आवाजात वाच, फक्त मध्ये माझं नाव घेऊ नकोस. तू नाही म्हणताना तोंड कसं करतेस ते मला पाठ आहे, पण पत्रात ते दिसत नाही, तेव्हा मी हो समजून इतिहास आणि भूगोल आजच पार्सलने रवाना केले आहेत. इतिहासाचा पहिला धडा लांब आहे. पाणी जवळ ठेव.